पत्र्याची पेटी आणि सहा दिवस

आमच्या वर्गात एक पत्र्याची पेटी आहे. जूनमध्ये ती आणली तेव्हा तिच्यात ३४ पुस्तकं होती, आता ७१ आहेत. शाळा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, सरकारी, मराठी प्राथमिक. तिसरी आणि चौथीची मिळून १९ मुलं एकाच खोलीत बसतात आणि दोन्ही वर्गांना मी एकटीच शिकवते. रोज सकाळी प्रार्थना झाली की पेटी उघडायची. चौथीतल्या प्रत्येकाने तिसरीतल्या एकाला शेजारी घ्यायचं आणि वीस मिनिटं वाचायचं, असा आमचा नेम.

दिवाळीपर्यंत मुलं घडाघडा वाचायला लागली. मीही खूश होते. मग एक दिवस चौथीतल्या एका मुलीला, वर्गातल्या सगळ्यांत छान वाचणारीला, मी विचारलं, "आत्ता वाचलंस त्यातला 'सभामंडप' म्हणजे काय ग?" ती माझ्याकडे बघत राहिली. 'शिलालेख' कुणालाच सांगता आला नाही. 'कुंभार' सगळ्यांनी सांगितला, पण चाक फिरताना पाहिलेली मुलं फक्त तीन, आणि तेसुद्धा टीव्हीवर. आमच्या मुलांच्या घरी कोंकणी बोलतात, दोघांच्या घरी कन्नड. पुस्तकातली मराठी त्यांना कळते, पण तिच्यातल्या कितीतरी शब्दांमागे त्यांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. अक्षरं वाचून होतात आणि गोष्ट तिथेच राहते.

यावर मला सुचलेला उपाय साधा होता. आधी वर्गात वाचायचं, मग ती वस्तू जिथे आहे तिथे जायचं, आणि परत आल्यावर लिहायचं. जानेवारीतला एक आठवडा ठरवला. पालकांनी वर्गणी काढली, गावातल्या एकाची मिनीबस ठरली, तीन आया सोबत यायला तयार झाल्या. रोज सकाळी निघायचं आणि संध्याकाळी घरी.

सोमवार

पहिला मुक्काम मुद्दाम जवळचा निवडला होता. नार्वे आमच्याच तालुक्यात. तिथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ बहुतेक मुलांनी आईवडिलांबरोबर पाहिलेलं होतं, म्हणजे नमस्कार करून, प्रसाद घेऊन परत आलेली होती. या वेळी मी त्यांना आधी आवारातच बसवलं आणि गोष्ट सांगितली. सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा कुलदेव. त्याचं मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीज अमलात ते पाडलं गेलं, लिंग नदी ओलांडून अलीकडे आणलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे देऊळ पुन्हा बांधायला घेतलं.

'कदंब' म्हटल्याबरोबर तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे बस?" त्याने कदंब हा शब्द फक्त बसच्या अंगावर वाचलेला होता. बसला ज्यांचं नाव दिलं ते राजे इथे येऊन हात जोडत, हे ऐकून तो बराच वेळ देवळाकडे बघत बसला. हा शब्द आता त्याच्या मनातून जायचा नाही.

शिलालेखापाशी आम्ही तासभर होतो. दगडावरची ती देवनागरी अक्षरं, भाषा संस्कृत. मी काहीच वाचून दाखवलं नाही. "जे ओळखू येईल ते सांगा," एवढंच म्हटलं. सुरुवातीला सगळे गप्प. मग एक आवाज आला, "बाई, हांगा श्री बरयलां!" इथे श्री लिहिलंय. त्यानंतर 'शके' सापडलं, आणि मग आकडे. १५९०. एकाने मोठ्याने वाचले आणि लगेच म्हणाला, "पण बाई, तुम्ही तर १६६८ सांगितलं." मी याचीच वाट बघत होते. शकात ७८ मिळवायचे, हे चौथीच्या मुलांनी जमिनीवर काडीने मांडून बघितलं. १५९० अधिक ७८. बेरीज जुळली तेव्हा जो ओरडा झाला, त्याने देवळातले गुरव बाहेर येऊन बघून गेले. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी दगडात कोरलेलं आपण वाचू शकतो, आणि ते बरोबर निघतं! गणिताच्या तासाला मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता.

पण त्या सकाळी माझी एक मोठी चूक झाली, तीही सांगायला हवी. मी आदल्या रात्री जागून प्रत्येकासाठी प्रश्नांचे दोन कागद तयार केले होते. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, चित्र काढा. शिलालेखानंतर मी ते वाटले आणि पाच मिनिटांत सगळा रंग गेला. उतरतं कौलारू छप्पर, वरचा घुमट, समोरचा दीपस्तंभ, सगळं सोडून मुलं पायऱ्यांवर ओळीने बसली आणि कागदात डोकी घातली. दीपस्तंभाकडे पाठ करून एक मुलगा मला विचारत होता, "बाई, दीपस्तंभ देवळाच्या कुठल्या बाजूला आहे, ते काय लिहू?" मी त्याला नुसतं खांद्याला धरून वळवलं. मग सगळ्यांचे कागद गोळा करून पिशवीत टाकले. आठवडाभर ते पुन्हा बाहेर काढले नाहीत. जागेवर फक्त बघायचं, विचारायचं, हात लावता येईल तिथे लावायचा. लिहिणं शाळेत. हा नियम त्या पायऱ्यांवर ठरला.

दुपारी डिचोलीजवळ एका कुंभाराच्या अंगणात गेलो. डिचोलीची मातीची भांडी गोवाभर नावाजलेली. शेतातली माती भिजवून, तुडवून, चाळून कशी तयार करतात ते त्यांनी दाखवलं आणि प्रत्येकाच्या हातात एक गोळा दिला. चाक आता विजेवर चालतं. चाकावर माती वर चढायला लागली की मुलांचे श्वास थांबत होते. मी तिथे शब्द गोळा करत होते. पुस्तकात 'मडके' आणि 'घागर' हे दोनच शब्द आहेत. त्या अंगणात कुंडलें होतं, ज्यात हुमण, म्हणजे माशांची आमटी, शिजतं. छोटं बुडकुलो होतं. पणत्यांची रास होती. आणि एका कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी उघडी अशी विचित्र भांडी होती. "ह्यात पाणी कसं राहणार?" मुलांनी विचारलं. कुंभारकाका हसले, आत गेले आणि कातडं चढवलेलं घुमट, आरतीत वाजवतात ते मातीचं वाद्य, घेऊन आले.

चतुर्थीच्या आरतीला घुमट वाजवणारे दोघे आमच्या वर्गात आहेत. पण घुमट कुंभाराच्या चाकावर जन्मतं, हे त्यांना माहीत नव्हतं. पूर्वी मोठ्या तोंडावर घोरपडीचं कातडं चढवत. घोरपड कायद्याने संरक्षित झाली, आता बकरीचं कातडं लावतात. छोट्या तोंडावर डाव्या हाताचा तळवा कमी-जास्त दाबला की आवाज कसा बदलतो, ते काकांनी दाखवलं. मग आमच्या दोघांनी आरतीचा ठेका धरला, आणि मातीने माखलेले सतरा जण टाळ्या वाजवायला लागले.

मंगळवार

आमोणा पुलावरून माशेल, बाणस्तारी आणि जुन्या गोव्यावरून पणजी. माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ रस्त्यातूनच दाखवलं. कृष्णाला आईसह पूजतात म्हणून ते वेगळं. मुलांना त्यापेक्षा तिथला चिखलकाला जास्त माहीत.

जुन्या गोव्यात आम्ही मोठ्या चर्चांच्या आधी एका कमानीपाशी उतरलो. सेंट पॉल कॉलेजची ती कमान, बाकी इमारत राहिलेली नाही. येणारे-जाणारे तिच्याकडे फारसे बघत नाहीत. पण पेटीतली ७१ पुस्तकं वाचणाऱ्या मुलांना मला हीच जागा दाखवायची होती. १५५६ मध्ये पोर्तुगालहून एक छापखाना जहाजाने निघाला होता. त्याला जायचं होतं ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. तो गोव्यात उतरला आणि इथेच राहिला. भारतातला पहिला छापखाना तो, आणि तो चालला या कॉलेजात. पुढे ६० वर्षांनी, १६१६ मध्ये, एका इंग्रज पाद्र्याने मराठी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण साष्टीतल्या राचोलला छापलं गेलं, रोमन लिपीत. "मराठी, पण एबीसीडीत?" एकीने विचारलं. हो. मी फळ्यावर लिहितात तसं हवेत बोट फिरवून तिचं नाव रोमनमध्ये लिहून दाखवलं. ती मान हलवत म्हणाली, "मग ते मराठीच."

सेंट्रल लायब्ररी पणजीत पाटोला आहे, संस्कृती भवनात. तिची सुरुवात १८३२ ची, देशातलं सगळ्यांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय. कृष्णदास शामा यांचं नाव त्याला दिलेलं आहे. ते केळशीचे, आणि १५२६ मध्ये त्यांनी कृष्णाची कथा लिहायला घेतली. मुलांच्या विभागात गेल्यावर आमची मुलं एकदम गप्प झाली. कपाटंच कपाटं. घरी एकही पुस्तक नसलेली मुलं त्यांत आठ-नऊ तरी आहेत. पहिली दहा मिनिटं कुणी कशाला हातच लावेना. मग मी स्वतः खाली जमिनीवर बसले आणि एक पुस्तक काढून वाचायला लागले. हळूहळू सगळी माझ्याभोवती बसली, आणि आपोआप रोजच्या जोड्या लागल्या. चौथीतलं एक, तिसरीतलं एक. एवढ्या मोठ्या इमारतीत त्यांनी आमचा वर्ग मांडला. निघायची वेळ झाली तरी तीन जोड्या उठेनात. मला त्यांना उठवायचं जीवावर आलं.

उरलेला दिवस धावपळीत गेला. जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियाचा पुतळा मुलांना फार आवडला. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनासाठी प्रसिद्ध झाला, आणि पुतळा मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केला. दोन मुलं लगेच तशीच हात पुढे करून उभी राहिली. कला अकादमीत दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह बघितलं. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीच्या काठावर बांधलेली ती वास्तू. नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक सज्जातून खाली बघत असतात, आणि आमच्या तिसरीने त्यांना हात केले. जेवण पाव-भाजीचं, नदीकाठी. येताना सगळी बसमध्ये झोपली. एका दिवसात मी फार ठासून भरलं होतं. पणजी पुढच्या वेळी फक्त ग्रंथालयासाठी.

बुधवार

आठवड्यातला माझा सगळ्यांत आवडता दिवस. फोंडा तालुक्यात बांदोड्याला नागेशी. तिथली तळी माडांच्या सावलीत, पाण्यात मासे. देवळाजवळ १४१३ चा शिलालेख. सोमवारनंतर शिलालेख म्हटलं की आमची मुलं आपणहून पुढे जातात. पण आम्ही आलो होतो ते सभामंडपातल्या लाकडी कामासाठी. वर दोन्ही बाजूंच्या सज्जांवर लाकडात कोरलेली, रंगवलेली चित्रं आहेत. एकीकडे रामायण, दुसरीकडे अष्टदिक्पाल आणि गंधर्व.

रामायण आम्ही डिसेंबरभर पेटीतल्या छोट्या पुस्तकांतून वाचलं होतं, प्रसंग प्रसंग करून. आता मी फक्त एक प्रश्न विचारला, "ही गोष्ट कुठून सुरू होते?"

एवढ्यावर पाऊण तास गेला. मानेला रग लागली तशी मुलं सरळ जमिनीवर उताणी झोपली, आणि मीही. देवळातल्या एका आजोबांनी आम्हाला असं पडलेलं बघून काही म्हटलं नाही, उलट पंखा लावला. मारुती सगळ्यांत आधी सापडला, शेपटीमुळे. मग वाद सुरू झाले. हा राम की लक्ष्मण? धनुष्य दोघांकडे. "जो पुढे आहे तो राम," एक म्हणाला. "मग इथे कोण पुढे आहे?" दुसरीने बोट दाखवलं. "ह्याचं तोंड रागीट आहे, हा लक्ष्मण." लक्ष्मण रागीट हे तिने पुस्तकात वाचलं होतं, आणि आता लाकडावर ते शोधत होती. वाचन म्हणजे मला जे हवं होतं ते हेच. पुस्तक मिटलेलं, दूर डिचोलीत पेटीत, आणि त्यातलं वाक्य इथे छताखाली कामाला आलेलं.

आमच्या वर्गात विजापूरकडचा एक मुलगा आहे. आईवडील बांधकामावर, घरी कन्नड. तिसरीत आहे, पण देवनागरी अजून अक्षर अक्षर जुळवून वाचतो आणि सगळ्यांसमोर मोठ्याने तर वाचतच नाही. मी आग्रह करत नाही. तो त्या दिवशी माझ्या शेजारी पडला होता. मारुतीकडे बोट करून हळूच म्हणाला, "हनुमप्पा." पलीकडच्या मुलीने ते ऐकलं, तिला तो शब्द फार आवडला, आणि पाच मिनिटांत सगळा वर्ग हनुमप्पा शोधत होता. त्याने मग स्वतःहून सांगितलं की त्याच्या गावात रात्रभर खेळ करतात आणि त्यात हनुमप्पा झाडावरून उडी मारतो. थोडं कोंकणी, थोडं हिंदी, थोडं कन्नड. जूनपासून त्याच्या तोंडून मी एवढं सलग ऐकलेलं नव्हतं.

मंगेशीला गर्दी होती. सात मजली दीपस्तंभ मुलांनी मोजून बघितला. मास्टर दीनानाथ १९०० मध्ये याच गावी जन्मले, हे सांगितल्यावर लगेच उत्तर आलं, "कालच्या नाटकघरावर त्यांचंच नाव होतं." मंगेशही मूळचा इथला नाही, कुशस्थळीहून आलेला. "सोमवारच्या देवासारखाच नदी ओलांडून?" एकाने विचारलं. हो, तसाच. आणि नागेश मात्र आपल्या मूळ जागीच राहिला. मुलांच्या मनात आपोआप एक नकाशा तयार होत होता. तो मी कधी फळ्यावर काढला असता तर इतका पक्का झाला नसता.

गुरुवार

आज बस नाही. शाळेतच.

सकाळी तीन दिवसांचं लिहायला बसलो. मी नियम घातला नाही, किती ओळी तेही सांगितलं नाही. कुणी शिलालेखावर लिहिलं, कुणी नुसतं बसमधल्या भांडणावर. सोमवारी मडक्याबद्दल दोन ओळी लिहू शकली नसती अशी एक मुलगी कुंडलें आणि बुडकुलो यांतला फरक एक पानभर लिहून बसली. शुद्धलेखन चुकलेलं, पण प्रत्येक वाक्याला स्वतःचं वजन. भिंतीवर आम्ही शब्दांची दोन रांगांत मांडणी केली, घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. घरचा शब्द खोडायचा नाही, त्याला शेजारी बसवायचा. वर्गातल्या जोड्यांसारखंच.

दुपारी गावातल्या दोन आज्या आल्या, आमच्याच मुलींच्या. पौष महिना, गावात धालो चालू. धालोत बायका रात्री मांडावर दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला हात घालून पुढे-मागे पावलं टाकतात आणि गातात. पुरुषांना तिथे जागा नाही. आजींनी गाणी सांगावीत आणि मुलांनी ती लिहून घ्यावीत, असं मी ठरवलं होतं. पण थोरल्या आजी म्हणाल्या, "मांडावेलें गीत मांडारच. हांगा ना म्हणपाचें." मांडावरचं गाणं मांडावरच, शाळेत नाही. मी मुकाट्याने मान डोलावली. त्यांचं बरोबर होतं. मांड सारवलेला, पूजलेला, तिथे नमन करून गायचं ते गाणं मी वर्गातल्या फळ्यासमोर मागत होते.

मग त्यांनी फुगडीची गाणी सांगितली, ती मोकळी. आजी सांगतात, मुलं लिहितात. आणि इथे माझी चौथी खरी अडली. कोंकणी रोज बोलतात, पण लिहायला कुणी सांगितलेलंच नव्हतं. 'हांव' लिहायचं कसं? अनुस्वार कुठे? 'ना' आणि 'न्हय' यांत ऐकू काय येतं? एकेका ओळीवर सगळे कान देऊन बसले. आजी तीच ओळ पाच-सहा वेळा म्हणाल्या, आणि प्रत्येक वेळी मुलांना काहीतरी नवं ऐकू आलं. लिहून झाल्यावर त्यांच्या नातीने ते आजीला वाचून दाखवलं. आजी लिहू-वाचू शकत नाहीत. आपलं गाणं नातीच्या वहीतून परत येताना ऐकून त्या कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, दुसऱ्या ओळीत एक शब्द चुकलाय. तो दुरुस्त केला. ती वही आता पेटीत आहे, ७२ वं पुस्तक म्हणून.

शुक्रवार

लांबचा पल्ला. सकाळी सहाला निघालो, अंधारातच. फोंडा, बोरी, पुढे सावर्डें, कुडचडें, तिळामळ, रिवण. दोघांना बस लागली. सोबतच्या आयांनी आमसोल चोखायला देऊन सांभाळलं.

रिवणच्या पुढे उसगाळीमळ. कुशावती नदीच्या वळणावर जांभ्या दगडाचा सपाट कातळ आहे आणि त्यावर शंभराच्या वर कोरीव चित्रं. गावकऱ्यांना ती जागा ठाऊक होती, अभ्यासकांना ती १९९३ मध्ये कळली. पादत्राणं बाहेर काढून आत जायचं. उन्हात पहिल्यांदा नुसता तांबूस दगड दिसतो. मग तिथल्या माणसाने तांब्याने पाणी शिंपडलं आणि ओल्या दगडातून रेषा वर आल्या. एक गवा. त्याच्यामागे आणखी एक. हरीण. नाचणारी बाई. आणि मधोमध एकात एक गेलेली गोल वर्तुळं, चक्रव्यूह.

माझ्या हातात आज काहीच नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत प्रत्येक ठिकाणी आम्ही आधी वाचलेली गोष्ट होती. इथे गोष्ट नाही, अक्षर नाही. म्हणूनच तर ही जागा शेवटी ठेवली होती. "काय लिहिलंय वाचा," मी म्हटलं, आणि मुलांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी वाचायला सुरुवात केली. एकीच्या मते नाचणारी बाई धालो खेळते आणि बाकीच्या बायका पुसल्या गेल्यात. दुसऱ्याच्या मते गव्याची शिकार झाली आणि ज्याने मारला त्यानेच हे काढलं, कारण शिंगं बघा किती नीट काढलीत, जवळून बघितल्याशिवाय येणार नाहीत. हे ऐकून मी त्या शिंगांकडे पुन्हा बघितलं. त्याचं निरीक्षण अगदी खरं होतं. मी चार वेळा ती जागा पाहिली होती आणि शिंगं वेगळी अशी कधी बघितलीच नव्हती.

चक्रव्यूहापाशी सगळे सर्वांत जास्त रेंगाळले. दगडावर बोट फिरवायचं नाही, म्हणून ती हवेत बोट फिरवत, बाहेरून आत, आतून बाहेर, गोल गोल. मग कातळापासून लांब, झाडाखालच्या मातीत एकाने काडीने तसंच काढायला घेतलं. जमेना. रेषा कुठेतरी बंद व्हायची. पुन्हा जाऊन बघून यायचं, पुन्हा काढायचं. १९ मुलांनी मिळून अर्ध्या तासात एक चक्रव्यूह पुरा केला, आणि तिसरीतली सगळ्यांत छोटी मुलगी त्यातून चालत मध्यापर्यंत गेली. डबे तिथेच खाल्ले, नदीकाठी.

परतीच्या वाटेवर विजापूरचा मुलगा खिडकीपाशी बसला होता. मला वाटलं झोप आली असेल. मग त्याचे ओठ हलताना दिसले. तो मैलाचे दगड वाचत होता. बस वेगात, दगड मागे पडायच्या आत अक्षरं जुळवायची. "तिळामळ." थोड्या वेळाने, "कुडचडें." एखादा हुकला की तोंड वाकडं करायचा आणि पुढच्याची वाट बघायचा. दुकानांच्या पाट्या, देवळांच्या कमानी, ट्रकच्या मागचं काहीबाही. शेजारच्या मुलीला कळलं, तिने ते मला सांगायला तोंड उघडलं, आणि मी तिला डोळ्यांनीच थांबवलं. फोंड्यापर्यंत त्याने सगळं वाचलं. मी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

शनिवार

आमच्या गावच्या देवळात त्या रात्री काला, म्हणजे दशावताराचा खेळ, होता. दशावतारी मंडळी संध्याकाळी आली, पेटारे घेऊन. त्यांच्या म्होरक्याला मी आधीच विचारून ठेवलं होतं, आणि रंगायच्या खोलीत मुलांना नेलं. प्रत्येक नट आपल्या पेटाऱ्यावर बसून, छोट्या आरशात बघत, आपला आपण रंगत होता. मुलं दाराशी दाटीवाटीने उभी. सकाळी दुकानात भेटलेला माणूस समोर हळूहळू राणी होत होता, आणि बोलणं मात्र अजून दुकानातलंच.

आमच्या चांगलं वाचणाऱ्या मुलीने न राहवून विचारलं, "तुमचें पुस्तक खंय आसा?"

"पुस्तक ना गो बाय," कपाळावर गंध ओढता ओढता तो म्हणाला. आज कुठलं आख्यान करायचं ते ठरलेलं असतं, कोण कधी येणार ते ठरलेलं असतं, आणि बोलायचं काय ते उभं राहिल्यावर. तिला ते पटेना. मग त्याने हात थांबवला आणि नीट सांगितलं. लहानपणी आजोबा रोज रात्री पोथी वाचायचे, तो ऐकायचा. पुढे आजोबांची नजर गेली तेव्हा त्याने वाचायची आणि आजोबांनी ऐकायची. पंधरा वर्षं. "ते सगळें आसा हांगा," म्हणून त्याने छातीवर हात ठेवला. मग त्याने उलट विचारलं, तुम्ही काय वाचता? आणि १९ मुलं एकदम बोलायला लागली. शिलालेख, घुमट, हनुमप्पा, दगडावरचा गवा, आणि पेटी. पेटीत किती पुस्तकं, कुलूप कुठलं, किल्ली कुणाकडे. शेजारी काळा पोशाख अंगावर चढवत असलेला नट हे सगळं ऐकत होता.

अकरा वाजून गेल्यावर पखवाज सुरू झाला. सगळी पुढे बसली, शाली पांघरून. गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, सरस्वती आली, ब्रह्मदेव आला. मग पडद्यामागून आरोळी झाली आणि संकासुर आला, काळाभोर, लाल जीभ बाहेर. संकासुर ब्रह्मदेवाचे वेद पळवतो, ते परत आणायला विष्णूला यावं लागतं. ही गोष्ट आमच्या मुलांना पाठ होती. त्याने वेद पळवले, काखेत मारले, रंगमंचावर दोन फेऱ्या घातल्या. मग एकदम थांबला, खाली पुढच्या रांगेकडे वाकून बघितलं आणि म्हणाला,

"वेद चोरले. आतां ह्या गांवच्या शाळेतली पुस्तकांची पेटी व्हरतां!"

क्षणभर शांतता. आणि मग "ना! ना!" म्हणून सगळ्या १९ जणांनी, नाही, अठरा जणांनी, असा गलका केला की पखवाजवाल्याने हात थांबवला. विजापूरचा उभा राहून ओरडत होता. "किल्ली खंय आसा?" संकासुराने विचारलं. "बाईकडे!" कुणीतरी ओरडलं, आणि बाकीच्यांनी त्याचं तोंड दाबलं.

एकोणिसावी माझ्या मांडीवर गाढ झोपली होती, चक्रव्यूहातून चालत गेलेली ती. सोमवारी सकाळी तिला हे कळलं तेव्हा ती रडली. मग प्रत्येकाला तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं, संकासुर कसा वाकला, नेमकं काय म्हणाला, आणि कोण कोण ओरडलं. पेटी त्या दिवशी अर्धा तास उशिरा उघडली.